मार्क मधलेच आलेत, फॉर्म भरू का नको?

यावेळच्या पत्रांत चार पत्रं एकाच विषयावर आलीत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. विषय हा की मार्क ना धड चांगले ना धड वाईट, मधलेच, आणि आता पुढच्या कॉलेजला अर्ज करायचाय. पीयू कॉलेजात, म्हणजे आपल्या कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, शिकवत होते तेव्हापासून मला हे खुपतंय, पहिल्या दहाजणांचे फोटो गेटवर लागायचे, नापास झालेल्यांसाठी जादा तास व्हायचे, आणि पन्नास-साठ टक्केवाल्या पोरांना कुणी काही विचारायचंच नाही, ती आपली गपचूप बस पकडून घरी जायची. वर्गात सगळ्यात जास्त संख्या त्यांचीच असायची.

मॅडम, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पीयूसी सायन्स, आता बेळगावात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, बॉटनी आणि झूलॉजी. सीजीपीए दहापैकी ६.१ आहे. पहिल्या दोन सेमला केमिस्ट्री राहिली होती, नंतर काढली. आता शेवटी शेवटी ७ च्या वर पडतंय. मला एमएस्सी करायचंय, एन्व्हायर्नमेंट नाहीतर वाइल्डलाइफ, बाहेर जाऊन, जमलं तर मोठ्या युनिव्हर्सिटीत. पण सगळे म्हणतात ६.१ ला कोण विचारतंय. बॅकलॉग लपवता येतो का? एक मैत्रीण म्हणते वर्कशॉपची दहा-बारा सर्टिफिकेट गोळा कर, फॉर्म भारी दिसतो. घरी शेती आहे, भात. खरं सांगा, फी भरून फॉर्म भरू का नको? — एक विद्यार्थिनी, खानापूर तालुका

भर गं. हे आधी सांगते, कारण कारणं वाचता वाचता तू परत घाबरशील.

आता पहिलं काम, ज्या ज्या कोर्सला जायचंय त्याच्या माहितीपत्रकातली पात्रतेची ओळ स्वतः वाच, मैत्रिणीनं सांगितलेली नव्हे. बऱ्याच एमएस्सीला डिग्रीला ५० नाहीतर ५५ टक्के लागतात, राखीव वर्गांना त्यात सवलत असते. तुझ्या सीजीपीएचे टक्के किती होतात ते तुझ्या युनिव्हर्सिटीच्या नियमानं ठरतं, सरळ दहानं गुणून लिहू नको, परीक्षा विभागातून तसं लेखी घेऊन ठेव, ऐनवेळी मिळत नाही ते. त्या ओळीत तू बसलीस की तू पात्र आहेस, संपलं. त्यापुढं नंबर लागायचा का नाही हे वेगळ्या गोष्टींवर ठरतं, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी अजून तुझ्या हातात आहेत.

दुसरं, जिथं जुने मार्क कमी मोजतात किंवा मोजतच नाहीत अशी दारं आधी शोधायची. २०२२ पासून सेंट्रल युनिव्हर्सिट्यांसाठी सीयूईटी-पीजी ही एमए-एमएस्सीच्या प्रवेशाची सामायिक परीक्षा सुरू झाली. ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ मार्क, चुकलं की १ वजा. त्या पेपरला तू ६.१ वाली आणि दुसरी कोणतरी ८.९ वाली एकाच बाकावर बसता, पेपर तपासणाऱ्या मशीनला तुमचा सीजीपीए माहीत नसतो. गेली दोन-तीन वर्षं ही परीक्षा मार्चच्या आसपास होतेय आणि फॉर्म त्याच्या दोन-अडीच महिने आधी निघतात, म्हणजे सहाव्या सेमच्या अभ्यासात ती येते, दिवाळीपासूनच जुने पेपर काढून बस. अझीम प्रेमजी युनिव्हर्सिटी स्वतःची प्रवेश परीक्षा आणि इंटरव्ह्यू घेते. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेचा वाइल्डलाइफचा एमएस्सी कोर्स आहे तो एक वर्षाआड भरतो, जागा अगदी थोड्या, पण तिथंही परीक्षा आणि इंटरव्ह्यूला वजन आहे. यातल्या एखाद्या ठिकाणी फक्त मार्कांवर यादी लागत असती तर मी तुला फी वाया घालवू नको म्हटलं असतं.

आता बॅकलॉग. लपवायचा नाही, लपतही नाही, प्रत्येक सेमचं मार्ककार्ड मागतात आणि त्यावर कितव्या प्रयत्नाला पास झालीस ते दिसतं. लपवायला गेलीस तर उरलेला सगळा फॉर्म खोटा वाटायला लागतो. पण तू मला एक गोष्ट सांगितलीच नाहीस बघ, केमिस्ट्री का राहिली? मी पत्र दोनदा वाचलं, कारण कुठंच नाही. हे कारण तुला स्वतःला नीट माहीत पाहिजे.

मला जे वाटतंय ते सांगते, चुकत असेन तर सोडून दे. आपल्याकडची मराठी शाळेतली पोरं दहावीला चांगले मार्क घेऊन येतात आणि पीयूसीला एकदम सगळं इंग्लिशमध्ये सुरू होतं. पेशी म्हणजे सेल, संयुजा म्हणजे व्हॅलन्सी, प्रकाशसंश्लेषण म्हणजे फोटोसिंथेसिस, हे कळायलाच पहिली टर्म जाते, आणि तोपर्यंत पाठीमागं पडलं की पडलं. त्यात भाषेचा विषय कन्नड घेतला असेल तर तोही जड जातो. मी वर्गात बघितलंय, शाळेत पहिला येणारा मुलगा पीयूसीत सहा महिने तोंड उघडत नाही, प्रश्न कळलेला असतो, उत्तरही येत असतं, फक्त कुठल्या शब्दांत सांगायचं ते नसतं. बायोलॉजी पाठ करून तरून जातात, पण केमिस्ट्रीचं मागचं राहिलेलं डिग्रीच्या पहिल्या वर्षाला परत समोर येतं. तुझं असंच झालं असेल तर ते लिही. रोजच्या बसमुळं सकाळचं प्रॅक्टिकल बुडत होतं असं असेल तर ते लिही. घरी कुणाचं आजारपण होतं तर ते. आणि नुसता अभ्यास केला नव्हता असं असेल तर तेही तीन शब्दांत लिहून पुढं जायचं, जगात असं होतं, वाचणाऱ्यालाही माहीत असतं. फक्त रडगाणं नको. कारणाला दोन ओळी, आणि मग काय बदललं त्याला दोन ओळी. साधारण असं, 'माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठीत झालं. पहिल्या दोन सेममध्ये केमिस्ट्रीत मी मागं पडले. दुसऱ्या वर्षी मी प्रत्येक धड्याचे शब्द मराठी-इंग्लिश वहीत लिहायला लागले, ती केमिस्ट्री सुटली आणि त्यानंतर माझा एकही पेपर राहिला नाही.' हे तुझ्या खऱ्या गोष्टीनं बदल, माझं उतरवू नको. पहिल्या सेमपासून शेवटपर्यंतचे आकडे एका ओळीत लिहून बघ, चढत गेलेत ना? सरासरी काढली की तो चढ दिसत नाही, ६.१ एवढंच दिसतं, म्हणून तो आपण दाखवायचा.

सर्टिफिकेटचं. मैत्रिणीचा सल्ला मनापासून असेल पण घेऊ नको. एका दिवसाच्या ऑनलाइन वेबिनारची बारा सर्टिफिकेट वाचणाऱ्याला काही सांगत नाहीत, तिथं नुसतं लॉगिन केलं तरी मिळतात ती. त्यापेक्षा एनपीटेलवरचा एकच ऑनलाइन कोर्स पूर्ण कर. आयआयटी आणि आयआयएससीचे प्राध्यापक शिकवतात, शिकायला फुकट आहे, परीक्षेला बसायची फी १००० रुपये, आणि निकालात आठवड्याच्या असाइनमेंटचे २५ टक्के आणि सेंटरवर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५ टक्के धरतात. इकॉलॉजीचा घे नाहीतर, मी तर म्हणेन, केमिस्ट्रीचाच घे. ज्या विषयात मार्ककार्ड तुला कच्ची म्हणतंय त्याच विषयात बाहेरच्या परीक्षेला बसून मार्क आणलेस तर त्याहून चांगलं उत्तर नाही.

आणि आता तुझ्या पत्राच्या शेवटाकडचे चार शब्द. 'घरी शेती आहे, भात.' तू ते असं लिहिलंयस जणू अडचण सांगतेयस. अगं तू वाइल्डलाइफ शिकायला निघालीस आणि राहतेस खानापूर तालुक्यात! भीमगड अभयारण्य तुझ्या तालुक्यात, तिथल्या बारापेडेच्या गुहांतलं वटवाघूळ जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं, म्हादई तुझ्या तालुक्यात उगम पावते. शहरातली पोरं पैसे भरून कॅम्पला येतात तिथं. पण मी तुला जंगलात जा म्हणत नाहीये, तिथं वनखात्याची परवानगी लागते, एकटीदुकटीनं जायचं पण नाही. तुझ्या शेताच्या बांधावर बस.

एक वही कर. आठवड्यातून एक दिवस, ठरलेली वेळ, ठरलेला बांध, अर्धा तास. तारीख, पाऊस होता का, खाचरात पाणी किती, भात कुठल्या अवस्थेत आहे, आणि काय काय दिसलं, किती दिसलं. बगळे किती, खंड्या आला का, बेडूक कधी ओरडायला लागले, चिखलातले खेकडे कधी दिसायचे बंद झाले, औषध फवारल्यावर पुढच्या आठवड्यात काय कमी झालं. लावणीपासून कापणीपर्यंत केलंस तरी अठरा-वीस आठवड्यांची नोंद होते, त्याचा तक्ता होतो, तक्त्याचा आलेख होतो. लावणीचा मोसम निघून गेला असेल तर आज जे शेतात उभं आहे तिथून सुरू कर, कापणीनंतरच्या रानात पण पुष्कळ काही असतं. पक्षी ओळखता येत नसतील तर मराठी नाव लिही, वर्णन लिही, नंतर शोध. ई-बर्ड म्हणून फुकट ॲप आहे त्यात यादी टाकत गेलीस तर तारखेसकट रेकॉर्ड राहतं, कुणाला शंका घ्यायला जागा नाही. झाडांसाठी सीझनवॉच आहे, एक झाड निवडायचं, समज दारातला फणस, आणि दर आठवड्याला पानं-फुलं-फळं नोंदवायची. आजीला विचार, पूर्वी या खाचरात कुठले मासे मिळायचे, ते पण लिहून ठेव, 'आजीनं सांगितलं' असं वेगळं लिहून. डिग्रीच्या प्रोजेक्टला अजून विषय द्यायचा राहिला असेल तर हाच दे.

अर्जासोबत जे पान-दीड पान लिहायचं असतं, स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणतात ते, त्याची सुरुवात या वहीतून कर. 'मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे' असं लिहिलेले अर्ज शेकड्यानं येतात. तू असं लिही, की अमुक महिन्यात आमच्या दोन गुंठ्यांच्या खाचरात मी इतके बगळे मोजले, फवारणीनंतर ते इतके झाले, हे फवारणीनं झालं का पाणी आटल्यानं हे मला ठरवता आलं नाही, ते ठरवायची पद्धत मला शिकायचीय. शेवटचा भाग महत्त्वाचा आहे बरं का. तुला काय येत नाही आणि ते शिकायला तू त्याच कोर्सला का येतेयस हे सांगणारा अर्ज वाचणारा बाजूला ठेवतो, परत बघायला. इंग्लिश साधं ठेव, छोटी वाक्यं. नेटवरून तयार मजकूर घेऊ नको, इंटरव्ह्यूत पहिल्या दोन प्रश्नांत कळतं.

शिफारसपत्राबद्दल मला स्वतःची एक चूक सांगायचीय. खूप वर्षांपूर्वी माझ्या दोन विद्यार्थ्यांनी एकाच संस्थेत अर्ज केला आणि दोघांनी माझ्याकडून पत्र नेलं. मी घाईत होते, एकच मजकूर, आज्ञाधारक, कष्टाळू, चारित्र्य चांगलं, फक्त नाव बदललं. दोन्ही पत्रं तिथं एकाच टेबलावर गेली. एकाला तिथं इंटरव्ह्यूत विचारलं की तुमच्या कॉलेजात सगळे असेच असतात का. तो परत येऊन मला काही बोलला नाही, दुसऱ्याकडून कळलं, आणि ते मला आजही लागतं, कारण त्यातला एकजण चार महिने रोज संध्याकाळी लॅबमध्ये थांबून हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या, शीट नीट करून गेला होता आणि मी त्यातलं एक अक्षर लिहिलं नव्हतं. म्हणून सांगते, पत्र प्रिन्सिपलांकडून घेऊ नको, ते तुला ओळखत नाहीत. ज्यांच्या विषयात तू खालून वर आलीस त्यांच्याकडं जा, महिनाभर आधी जा, आणि जाताना एका कागदावर लिहून ने, त्यांच्या हाताखाली मी हे हे केलं, या वर्षी हे मार्क, त्या वर्षी हे, ही माझी वही. शिक्षक विसरतात गं, शंभर मुलं असतात. कागद दिलास तर लिहितात.

फॉर्म पाच-सहाच भर. दोन-तीन वरचे, बाकी घराजवळचे, आपली राणी चन्नम्मा आहे, धारवाडची कर्नाटक युनिव्हर्सिटी आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आहे. शिवाजीला एन्व्हायर्नमेंट शिकवतात, बाकी दोन ठिकाणी काय आहे ते बघून घे. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे, मराठी-कन्नड-इंग्लिश जे कळेल त्या भाषेत पण पूर्ण वाच. आणि वहीची पहिली चार पानं झाली की मला फोटो पाठव, मला खरंच बघायचीत.

सर्वांना नमस्कार. मी येळ्ळूरकडचा. गेल्या वर्षी सेकंड पीयूसी पास झालो, पीसीएमला (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) ५१ टक्के. सीईटीचं रँक इतकं खाली गेलं की कॉलेज घ्यावंसं वाटलं नाही, एक वर्ष थांबलोय, दिवसा उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये जातो. यंदा सीईटी जोरात केली तर मेकॅनिकल चांगल्या कॉलेजात मिळेल का? — एक विद्यार्थी

तुझ्याशी हिशेबच करते, कारण तुला हे कुणी आकड्यात सांगितलेलं दिसत नाही.

कर्नाटकात इंजिनीअरिंगचं रँक काढताना पीयूसीच्या पीसीएमला ५० टक्के आणि केसीईटीला, म्हणजे तू दिलेल्या त्या कर्नाटकच्या सीईटीला, ५० टक्के वजन धरतात. केसीईटीचे तीन पेपर प्रत्येकी ६० मार्कांचे, म्हणजे १८०. समज तुला १८० पैकी १०० पडले. तुझे पीयूसीचे ५१ चे निम्मे २५.५, सीईटीचे ५५.५६ चे निम्मे २७.७८, मिळून ५३.२८. तुझ्या शेजारी बसलेल्या मुलीला सीईटीत तेवढेच १०० पडले पण पीयूसीला ९१ आहेत, तिचे होतात ७३.२८. तिला गाठायला तुला सीईटीत १८० पैकी १७२ पाहिजेत. यंदा कितीही जोर लावलास तरी ५१ तुझ्यासोबत येणार, हे धरून चाल. केसीईटी दे, पण सगळा भरवसा तिच्यावर नको.

कॉमेडके ही खाजगी इंजिनीअरिंग कॉलेजांची परीक्षा, तिचं रँक फक्त त्या परीक्षेवर लागतं, १८० प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही. पीयूसीचे मार्क फक्त पात्रतेपुरते, पीसीएमला ४५ टक्के, ते तुझे आहेत. तिथल्या सीटची फी सरकारी कोट्यापेक्षा जास्त असते, घरी बोलून घे.

आणि जे आपल्याकडच्या पोरांना माहीतच नसतं ते आता. महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी. तिकडं इंजिनीअरिंगची मेरिट लिस्ट सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते, बारावीचे मार्क पात्रतेला लागतात, ओपनला ४५ टक्के, मेरिटमध्ये मिळवत नाहीत. आणि महाराष्ट्राच्या नियमांत सीमाभागातल्या मराठी भाषिक विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रकार ठेवलाय. वादग्रस्त भागातल्या शाळा-कॉलेजातून शिकलेला आणि मातृभाषा मराठी असलेला मुलगा त्यातून महाराष्ट्राच्या उमेदवारांत धरला जातो. महाराष्ट्र सरकार ८६५ गावं धरतं त्यात, तुझं गाव आहे का बघून घे. दोन दाखले लागतात, एक तू त्या भागातला असल्याचा, दुसरा मातृभाषा मराठी असल्याचा, नमुने माहितीपत्रकातच असतात. शाळेच्या दाखल्यावर मातृभाषेचा रकाना काय म्हणतोय तो आजच उघडून बघ, तिथं काही चुकलं असलं तर दुरुस्तीला वेळ जातो आणि ॲडमिशनच्या आठवड्यात शाळेचा क्लार्क रजेवर असतो, हे मी दरवर्षी बघितलंय. एमएचटी-सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न एकेक मार्काचे, मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, एकूण २००, निगेटिव्ह नाही. ८० टक्के बारावीचं, २० टक्के अकरावीचं, आणि अभ्यासक्रम महाराष्ट्र बोर्डाचा, म्हणून त्यांची पुस्तकं घेऊन आपल्या पुस्तकांशी ताडून बघ, बरंच सारखं आहे पण सगळं नाही. निम्मे मार्क मॅथ्सला आहेत, वेळ तसा वाट. मराठा असशील तर एक लक्षात ठेव, थ्रीबी हा कर्नाटकातला आरक्षणाचा वर्ग आहे, तिकडं चालत नाही. इकडं केसीईटीला मात्र त्याचा उपयोग आहे, नाडकचेरीतून (होबळीच्या महसूल कचेरीतून) जात-उत्पन्न दाखला काढ, त्यावरचा आरडी नंबर फॉर्मला लागतो. पहिली ते दहावी दहा वर्षं खेड्यातल्या शाळेत झाली असतील तर ग्रामीण कोटा १५ टक्के आहे, त्याचं सर्टिफिकेट हेडमास्तर आणि बीईओच्या, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या, सहीचं.

मशीन शॉपचं काम सोडू नको म्हणेन, अभ्यासाला वेळ उरत असेल तर. सीईटीत त्याला एक मार्क मिळत नाही हे खरं. पण चार वर्षांनी कॅम्पस इंटरव्ह्यूत, किंवा पुढं एमटेकला, ज्यानं लेथवर स्वतः जॉब लावलाय आणि रिजेक्ट झालेला पीस हातात धरून का गेला ते शोधलंय तो बोलायला लागला की ऐकणाऱ्याला कळतं. रोज काय केलंस, कुठलं मटेरियल, किती टॉलरन्स, कुठं चुकलं, हे रात्री दोन ओळींत लिहून ठेव, मालकाकडून कामाचा साधा दाखला तारखेसकट घे.

धाकटं कुणी पीयूसीत असेल तर सांग, २०२४ पासून बोर्ड एकाच वर्षात पहिल्या परीक्षेनंतर लगेच पुढची परीक्षा घेतंय, पास झालेला पण मार्क वाढवायला बसू शकतो, जास्तीचे मार्क धरतात. तुला त्याच वेळी कुणी हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

माझ्या मुलाला बीकॉमला ५६ टक्के आहेत, एमबीएला घालायचंय. एकजण घरी येऊन गेला, म्हणाला २५ हजार द्या, सहा महिन्यांच्या इंटर्नशिपचं आणि एका स्पोर्ट्सचं सर्टिफिकेट देतो, मार्क कमी असले तरी काम होतं. घ्यावं का? — एक वडील, चिक्कोडी तालुका

नाही. देऊ नका. माझी कळकळीची विनंती आहे. कागदपत्रांची तपासणी ॲडमिशनच्या वेळी होते आणि नंतर नोकरीच्या वेळी परत होते, खोटा कागद निघाला की ॲडमिशन रद्द होते, भरलेली फी अडकते आणि मुलावर केस होऊ शकते, त्या माणसाचा तोवर फोन लागत नाही. एमबीएला कर्नाटकात पीजीसीईटी ही प्रवेश परीक्षा आहे, ५६ टक्क्यांना पात्रता मिळते, ते २५ हजार त्याच्या परीक्षेच्या तयारीला आणि फॉर्मना घाला. सुट्टीत त्याला ओळखीच्या अडत दुकानात नाहीतर सोसायटीत खऱ्या हिशेबाला बसवा, सहा महिने. तो तिथं उधारीचं खातं कसं वसूल होतं हे शिकला तर इंटरव्ह्यूत बोलायला त्याच्याकडं स्वतःचं काहीतरी असेल.

मॅडम, मी निपाणीची. बिड्या वळते. मुलगा बीए झाला, मार्क बेताचे. आता पुढं शिकायला कुठंतरी फॉर्म भरतोय मोबाइलवर, मला त्यातलं वाचता येत नाही. विचारलं की चिडतो. मी काय विचारू त्याला? — एक आई

बाई, तुमचं पत्र कुणीतरी लिहून दिलेलं दिसतंय, त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

मार्क किती आणि नंबर लागेल का, हे विचारू नका त्याला, ते तो दिवसातून वीस वेळा स्वतःला विचारत असणार, म्हणूनच चिडतो. त्याला म्हणा, फॉर्ममध्ये तू स्वतःबद्दल जे लिहिलंयस ते मला मराठीत वाचून दाखव. एवढंच. तुम्ही वळत बसा, त्याला वाचू दे. तो वाचताना जिथं अडखळेल, जिथं 'ते असंच लिहायचं असतं' म्हणेल, तिथं थांबवा, तेवढंच बदलायचं असतं बहुतेक. आणि जिथं तुम्हाला वाटेल की अरे हे तर यानं सांगितलंच नाही, आजारी आजोबांचं सगळं यानं केलं, गल्लीतल्या पोरांना संध्याकाळी शिकवतो, कारखान्यात आम्हा बायकांच्या पीएफचे कागद हाच भरून देतो, असं जे काही असेल ते त्याला सांगा, तारीख-वार आठवून सांगा. या गोष्टी मुलं लिहीत नाहीत, त्यांना वाटतं हे घरचं काम, याचं काय लिहायचं. समाजकार्याच्या किंवा शिक्षणाच्या कोर्सला अर्ज करत असेल तर नेमकं हेच विचारतात.

आणि शेवटची तारीख कधी, फी किती, ती परत मिळते का, एवढं मात्र त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या आणि भिंतीवर लावा. सर्व्हर शेवटच्या दिवशी बंद पडतो.